आधी कोणता हात

पुस्तकात एवढंच आहे:
‘त्याने कोट चढवला आणि तो बाहेर पडला.’
पान एकतीस, खालून चौथी ओळ.
वाचायला पुरता एक श्वासही लागत नाही.

मला अकरा दिवस लागले.

सेकंदाला बारा चित्रं या हिशेबाने बसले
आणि पहिल्याच चित्रापाशी घोडं अडलं:
आधी कोणता हात?
लिहिणाऱ्याला हे कधी कुणी विचारलं नसणार.
शब्दांना बाह्या नसतात,
कोट म्हटलं की झाला कोट.

हीउमा बेटाच्या या टोकाला जानेवारीत
उजेड नऊनंतर येतो
आणि चारच्या आत उठून जातो,
कॉफीही न घेता.
मी खिडकीकडे पाठ करून बसायचे.
टॅब्लेटवर पेन, पेनाखाली समुद्र,
समुद्रावर बर्फ – तेरावा लेअर, साठ टक्के पारदर्शक.
खरा समुद्र पाठीमागे दोनशे पावलांवर.
तो यंदा गोठलाच नाही.
पुस्तकातल्या टपालवाल्याला
पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत
माझ्याच बर्फावरून जायचं होतं.

शेवटी हिलारकडे गेले.
तो तरुणपणी बर्फावरून चालत गेलाय,
पाठीवर पिठाचं पोतं घेऊन, एकदा तर शिवणयंत्र.
म्हटलं, जरा कोट घालून दाखव.
फोन समोर धरला
तर हा ताठ उभा राहून बटणं लावतो,
बोहल्यावर चढायचं असल्यासारखा!
चार वेळा घातला, चार वेळा काढला.
सगळं फुकट.
मी फोन खिशात टाकला, कॉफी प्यायले,
सुनेच्या तक्रारी ऐकल्या.

निघताना तो लाकडं आणायला माझ्याबरोबर उठला.
दार उघडलं, वारा आत घुसला
आणि हिलारने उजव्या हाताने दार दाबून धरलं,
डावा हात बाहीत घातला,
तसाच अर्ध्या कोटानिशी उंबरा ओलांडला,
दुसरी बाही मागे फडफडत होती रिकामी,
ती त्याने अंगणात, चालता चालता पकडली.

म्हणजे कोट चढवणं आणि बाहेर पडणं
या दोन गोष्टी नव्हत्याच.
माझं अकरा दिवसांचं काम
त्या दोन अक्षरी ‘आणि’त होतं,
आणि मी ते वाचताना गिळत आले होते
वयाच्या दहाव्या वर्षापासून.

फिल्म झाली. अठ्ठेचाळीस सेकंद.
हिलारने चष्मा पुसून पाहिली, म्हणाला,
‘तुझा बर्फ फार गप्प आहे गं,’
आणि पुन्हा लाव म्हणाला.

मग एका रात्री सहज पुस्तक उघडलं.
पान एकतीस.
टपालवाल्याने कोट चढवला,
आणि तो हिलारचा कोट होता,
कोपरापाशी ठिगळ लावलेला.
दार हिलारचं. वारासुद्धा तोच.
माझा जुना टपालवाला,
गावच्या वाचनालयात हीटरला टेकून बसलेल्या मला
दिसायचा तो,
ज्याला धड चेहराही नव्हता,
तो कुठल्याच ओळीत सापडेना.
मागची पानं चाळली, पुढची चाळली.
मीच त्याला घालवलं होतं,
एकेका चित्राने, बारीक रेघांनी,
पाचशे शहात्तर वेळा.
यावर अनडू नाही.

रविवारी तूले आली, बहिणीची धाकटी.
‘मावशी, ती फिल्म दाखव ना.’
म्हटलं, अजून रेंडर होतेय.
खोटं. फाइल डेस्कटॉपवरच होती.
तिच्या हातात पुस्तक दिलं.

आता ती चुलीपाशी पाय पोटाशी घेऊन वाचतेय.
ओठ हलतायत.
मी बटाटे सोलतेय, म्हणजे सोलायचं नाटक करतेय.
पानं मोजतेय.
अठ्ठावीस. तीस.

वाचता वाचता तिचा खांदा
किंचित पुढे आला, जेमतेम दिसेल इतका.

उजवा.